तिसऱ्या कलमातले विशेषण

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. माझ्या बहिणीचे यजमान विमानाच्या कारखान्यात रिव्हेट मारणारे कामगार होते. ते गेल्यावर, नाशिक परिसरात विमानाचे काम टिकावे आणि वाढावे या हेतूने, त्यांच्या स्मरणार्थ एक कायमस्वरूपी निधी उभारण्यात आला. त्या निधीतून अनेकांना मदत मिळाली. परंतु ज्या कामात त्यांनी आयुष्य घालवले, ते काम शिकू पाहणाऱ्या एकाही व्यक्तीला ती आजवर मिळालेली नाही. असे का झाले?

उत्तर देताना मी तीन साधने वापरली आहेत: न्यासपत्राची प्रत, सभांचे इतिवृत्त आणि माझी आठवण. पहिली दोन माझ्याच हस्ताक्षरात आहेत, कारण मी निधीचा चिटणीस होतो. व्यवसायाने मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवणारा शिक्षक. ही माहिती येथे अनावश्यक वाटेल, पण पुढे तिचा संबंध येणार आहे.

बहिणीच्या यजमानांना मी दाजी म्हणत असे. ते मूळचे सटाण्याकडचे. कारखान्यात प्रमाण मराठी बोलत, घरी थकून आले की त्यांची बोली परत येई. रविवारी मी इंदिरानगरला ताईकडे जेवायला जात असे आणि ते मला त्यांचे काम समजावून सांगत. मी तितक्या लक्षपूर्वक ऐकत नसे. आता आठवते ते असे.

विमानाचे अंग पातळ पत्र्यांचे असते. ते पत्रे आतल्या सांगाड्याला रिव्हेटने जोडतात. रिव्हेट म्हणजे एका टोकाला डोके असलेला, बिनआट्याचा, बोटाच्या पेराएवढा खिळा. एक माणूस बाहेरून हवेच्या बंदुकीने त्याच्या डोक्यावर ठोके देतो. दुसरा आतल्या बाजूने त्याच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरतो. शेपटी चेपून पसरते आणि पत्रा पकडला जातो. दोघांच्या मध्ये पत्रा असल्याने त्यांना एकमेकांचे तोंड दिसत नाही आणि आवाज इतका असतो की बोललेले ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस ठोकळ्याने पत्र्यावर टिचकी देतो. एक टिचकी म्हणजे आणखी मार, दोन म्हणजे बसला, तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. आतल्या माणसाला दाजी ‘जोडीदार’ म्हणत. त्यांचे जोडीदार मनमाडचे, रेल्वेतल्या फिटरचे चिरंजीव. पुढे आम्ही सगळेच त्यांना जोडीदार म्हणू लागलो आणि त्यांचे नाव मागे पडले.

‘‘म्हणजे दिवसभर ठोकाठोकी,’’ मी एकदा म्हणालो.

दाजींनी भाताचा घास खाली ठेवला. ‘‘मास्तर, तुमच्या पोरानं दीर्घ वेलांटी द्यायची तिथं ऱ्हस्व दिली तर काय होतं?’’

‘‘अर्धा गुण जातो.’’

‘‘आमचा अर्धा गुण उडतो. माणसं घेऊन.’’

ताई म्हणाली, ‘‘जेवा आता. दोघंही तपासनीस.’’

ती वर्षे नव्वदच्या दशकाच्या मधली. कारखान्यात नवी भरती जवळजवळ थांबली होती. ‘‘आमच्या शॉपमधल्या सगळ्यांत लहान माणसाला दोन पोरं आहेत,’’ दाजी सांगत. काम पुन्हा वाढेल याची त्यांना खात्री होती. काळजी वेगळीच होती. हे काम पुस्तकातून येत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जावे लागते, आणि दुसरे हात येत नव्हते. मूत्रपिंडाच्या आजाराने ते अंथरुणाला खिळले, तेव्हा भेटायला आलेल्या जोडीदारांशीही ते हेच बोलत होते. ‘‘काम शे, मानसं नही शेतस,’’ असे ते आपल्या बोलीत म्हणाले. काम आहे, माणसे नाहीत. त्यांचे माझ्या कानांवर पडलेले शेवटचे पूर्ण वाक्य हे.

ते गेल्यावर जोडीदारांनी निधीची कल्पना मांडली. कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी वर्गणी दिली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विमानाचे किरकोळ सुटे भाग बनवणारे काही लहान कारखानदार होते, त्यांनीही दिली. ताईने दाजींच्या भविष्यनिर्वाह निधीतला मोठा वाटा घातला. मुद्दल बँकेत ठेवायचे आणि व्याजातून दरवर्षी मुलामुलींना शिकवायचे, असे ठरले. अंबडच्या कारखानदारांपैकी एक अध्यक्ष झाले. कायद्याच्या बाजूसाठी एक वकील घेतले. जोडीदार सदस्य झाले. मसुदा लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

मसुद्याची सभा ताईच्या पुढच्या खोलीत भरली. पहिली दोन कलमे, म्हणजे नाव आणि पत्ता, झटपट झाली. तिसरे कलम उद्देशाचे.

जोडीदार म्हणाले, ‘‘सर, साधं लिहा ना. ‘विमानाचं काम शिकणाऱ्या मुलामुलींना मदत.’ वाचणाऱ्याला लगेच समजतं.’’

मी म्हणालो, ‘‘जोडीदार, हा कायद्याचा कागद आहे. ‘विमानाचं काम’ ही बोलण्याची भाषा झाली. विमान धुणं हेसुद्धा विमानाचंच काम.’’

‘‘मग धुणाऱ्याला द्या थोडं. काय बिघडलं?’’

सगळे हसले. मीही हसलो आणि माझे वाक्य वाचून दाखवले: ‘नाशिक जिल्ह्यातील होतकरू विद्यार्थ्यांस वैमानिक प्रशिक्षणासाठी साहाय्य करणे.’ वाक्य मला आवडले होते. त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

जोडीदारांनी कपाळाला आठी घातली. ‘‘वैमानिक म्हणजे चालवणारा ना, सर? आम्ही तर ठोकणारे.’’

वाचकांनी माझे त्या वेळचे उत्तर नीट पाहावे, कारण सगळे प्रकरण त्यात आहे. मी कागद उलटा केला आणि त्यावर लिहून दाखवले. विज्ञान, वैज्ञानिक. इतिहास, ऐतिहासिक. समाज, सामाजिक. नामाला ‘इक’ प्रत्यय लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते आणि ‘त्याविषयीचे’ असा अर्थ मिळतो. ‘‘त्याच नियमानं, विमानाविषयीचं ते वैमानिक. हे विशेषण आहे, जोडीदार. नाम नाही.’’

‘‘मग सैनिक?’’ त्यांनी विचारले.

‘‘सैनिक हे नाम म्हणून रूढ झालं आहे.’’

‘‘आणि वैमानिक रूढ नाय झालं?’’

आतून ताई चहाचा ट्रे घेऊन आली. ‘‘निवतोय. शाळा नंतर भरव रे.’’

चहा झाला. तो प्रश्न मी चहात बुडू दिला. पुन्हा कोणी विचारलेही नाही. फक्त जोडीदार म्हणाले, ‘‘नियम असेल तर असू द्या. तुम्ही शिकलेले.’’ इतिवृत्तात मी लिहिले: ‘तिसऱ्या कलमाच्या शब्दरचनेवर चर्चा होऊन ते एकमताने मंजूर झाले.’ ‘एकमताने’ हा शब्द मी सवयीने लिहीत असे. शाळेच्या शिक्षकसभेचे इतिवृत्तही मीच लिहीत असे आणि तिथेही सगळे एकमतानेच होई.

पुढची काही वर्षे व्याज साठवण्यात गेली. दरम्यान जोडीदार निवृत्त झाले. इंदिरानगरमध्ये त्यांच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती. भंगारवाल्याकडून त्यांनी ॲल्युमिनियमचे तुकडे आणले, ओळखीच्या गॅरेजमधून जुना कॉम्प्रेसर आणला आणि सकाळी दहा ते बारा रिव्हेट मारायला सुरुवात केली. शेजारी विचारत, ‘‘काय काका, उड्डाण कधी?’’ ते म्हणत, ‘‘तुम्ही गच्चीवरचे कपडे काढा, मग.’’

त्या शेडमध्ये शिकायला एक मुलगी येऊ लागली. ती मखमलाबादची, आमच्याच शाळेतून गेलेली. तिच्या घरची फुलांची आणि भाजीची शेती. शाळेत असताना ती पहाटे मेथीच्या जुड्या बांधून मग वर्गात येई. तिच्या जुड्या काट्यावर टाकल्या तरी एकसारख्या भरत, असे तिचे वडील कौतुकाने सांगत. तिने आयटीआयमधून पत्राकामाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. जोडीदार तिथे एकदा व्याख्यान द्यायला गेले. व्याख्यान संपल्यावर सगळे चहाकडे गेले आणि हिने विचारले, ‘‘आतल्या माणसाला कसं कळतं की शेपटी पुरेशी चेपली?’’ जोडीदारांनी तिला पत्ता दिला.

तिचे वडील मला बाजारात भेटले. ‘‘सर, पोरगी म्हणती, बंदूक शिकतीये. मी म्हटलं, पोलिसात चालली का काय. तर म्हणती, इमानाची बंदूक. आता इमानात बी बंदूक लागती का?’’

मी शेडमध्ये दोन-तीनदा गेलो. एकदा जोडीदारांनी मला आतला ठोकळा धरायला दिला. पहिल्या ठोक्यालाच माझा हात सरकला. मुलीने तो रिव्हेट ड्रिलने काढून टाकला आणि मग म्हणाली, ‘‘सर, बंदूक सोपी आहे. बंदूकवाल्याला आवाज तरी मिळतो. ठोकळेवाल्याला नुसता हादरा.’’ तिने मारलेल्या ओळीवरून जोडीदारांनी अंगठा फिरवला, दोनदा, उलटसुलट. आत जाऊन चहा टाकायला सांगून आले. ते कधी स्तुती करत नसत, एवढे मी पाहिले होते, म्हणून या चहाचा अर्थ मला समजला.

बंगळूरला एका संस्थेत विमानाच्या सांगाड्याच्या कामाचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता. तिथल्या परीक्षेत ती पास झाली. जागा मिळाली; ती महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली जाणार होती. शुल्क आणि वसतिगृह घरच्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितले होते: निधीने दिले तर जा, आम्ही अडवणार नाही, नाही दिले तर सटाण्याकडचे स्थळ आले आहे, त्यांना किती दिवस थांबवायचे? तेव्हा निधीच्या पहिल्याच निवडीवर त्या मुलीचे सगळे अवलंबून होते. हे मला माहीत होते. जोडीदारांना माहीत होते. अध्यक्षांनाही आम्ही आधी सांगितले होते.

एव्हाना दोन हजार साल उलटून गेले होते. खाजगी विमान कंपन्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत पानभर येत. ज्याला त्याला पायलट व्हायचे होते. आमच्या निधीचे निवेदनही छापायला गेले, तेव्हा अध्यक्षांच्या कार्यालयातल्या कोणीतरी त्यावर टोपी घातलेल्या, हसऱ्या पायलटचे चित्र टाकले. मुद्रितशोधन माझ्याकडे होते. मी ‘होतकरु’चे ‘होतकरू’ केले आणि कागद परत पाठवला. चित्र मला दिसले होते. चित्र तपासणे माझे काम नाही, असे मी मानले.

निवडीची सभा अंबडला अध्यक्षांच्या कार्यालयात झाली. त्यांनी आपला कारखाना तोवर भाड्याने दिला होता आणि स्वतः इमारती बांधू लागले होते. अर्ज दोनच विचारात घेण्याजोगे होते. एक या मुलीचा. दुसरा शहरातल्या एका डॉक्टरांच्या मुलाचा. त्याला विमान चालवण्याच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. डॉक्टर अध्यक्षांचे परिचित होते. मुलगा नम्र होता, हुशार होता. त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

मुलीने नमुना म्हणून दोन जोडलेले पत्रे आणले होते. त्यावर रिव्हेटची सरळ ओळ होती. तिने ते टेबलावर ठेवले. वकिलांनी कागदपत्रे चाळता चाळता आपला चहाचा कप त्यावर ठेवला.

‘‘बाळ, तू विमान चालवायला शिकणार आहेस का?’’ त्यांनी विचारले.

‘‘नाही सर. विमानाचं अंग जोडायला.’’

‘‘म्हणजे वैमानिक नाही.’’

‘‘वैमानिकाला बसायला विमान लागतं ना, सर.’’

अध्यक्ष हसले. ‘‘बोलायला चलाख आहे. बस बाहेर, बाळ. बोलावतो.’’

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. वकिलांनी न्यासपत्र उघडून तिसरे कलम मोठ्याने वाचले. जोडीदार म्हणाले, ‘‘ते कलम आमच्यासारख्यांसाठीच लिहिलंय, साहेब. ज्यांचा फोटो भिंतीवर लावलाय, ते काय उडवत होते?’’

‘‘हेतू काय होता ते कागदावरून ठरतं, काका,’’ वकील शांतपणे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. ‘‘सर, मसुदा तुमचा. वैमानिक म्हणजे काय, एकदा सांगून टाका.’’

माझ्याकडून तिथे एक साधे वाक्य अपेक्षित होते: मला विमानाविषयीचे असे म्हणायचे होते, पण मी शब्द चुकीचा निवडला. त्या वाक्यात ‘चुकीचा’ हा शब्द होता, आणि तो मला जोडीदारांसमोर उच्चारावा लागणार होता. मी ज्यांना कागद उलटा करून नियम शिकवला, त्यांच्यासमोर. सव्वीस वर्षे मी इतरांच्या चुका लाल शाईने दाखवत आलो होतो. मी म्हणालो, ‘‘दोन्ही अर्थ होतात.’’

‘‘रूढ कोणता?’’

‘‘रूढ... विमान चालवणारा.’’

अध्यक्ष म्हणाले, ‘‘मग रूढ अर्थ घेऊ. सर स्वतःच सांगताहेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला.’’

जोडीदार उठले. त्यांनी आवाज चढवला नाही. ‘‘सर, मी हेच विचारलं होतं. ताईंच्या घरी. तेव्हा तुम्ही नियम सांगितला. आज रूढ सांगता. आमच्या वेळी एक आणि त्यांच्या वेळी एक, असं दोन कप्प्यांचं मराठी आहे का तुमचं?’’

ते बाहेर गेले. थोड्या वेळाने मुलगी आत आली. तिने पत्र्यावरचा कप उचलला, बशीत ठेवला, ओढणीने पत्र्यावरचा चहाचा गोल डाग पुसला आणि पत्रा घेऊन निघून गेली. तिला कोणी काही सांगितले नाही. सांगण्याची जबाबदारी चिटणिसाची होती.

त्या सभेचे इतिवृत्त माझ्यासमोर आहे. ‘तिसऱ्या कलमाच्या रूढ अर्थानुसार पुढील विद्यार्थ्याची एकमताने निवड करण्यात आली.’ अक्षर नेहमीसारखे वळणदार आहे. एक सदस्य सभा सोडून गेला होता. त्याची नोंद नाही.

महिना संपला आणि बंगळूरची जागा गेली. त्याच हंगामात मुलीचे लग्न झाले. मला पत्रिका आली होती. मी शाळेच्या परीक्षांचे कारण सांगून गेलो नाही. कारण खरे होते, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल.

पुढच्या वर्षी मी कलम दुरुस्त करण्याचा प्रस्ताव मांडला. वकिलांनी इतिवृत्ताची वही उघडून माझ्यासमोर सरकवली. ‘‘कलम एकमताने मंजूर. अर्थ एकमताने मान्य. निवड एकमताने. तीनही ठिकाणी अक्षर कोणाचं आहे, सर? आता कोणत्या तोंडानं सरकारी कार्यालयात जाऊन सांगायचं की आमचा गैरसमज झाला होता?’’ मी जोडीदारांकडे सही मागायला गेलो. शेडचे दार बंद होते आणि कॉम्प्रेसर त्यांनी परत करून टाकला होता. ‘‘मी आता त्या टेबलावर येत नाय,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही लिहा काय लिहायचं ते. तुमचं लिहिलेलं सगळ्यांना मान्य असतं.’’ एका सहीवर प्रस्ताव पुढे गेला नाही.

निधीचा वार्षिक समारंभ मात्र दरवर्षी होत राहिला. सभागृह मोठे होत गेले. एका वर्षी सूत्रसंचालनासाठी बाहेरची एक बाई बोलावली होती. तिला कागदावर जे दिले होते, ते तिने मनापासून वाचले: ‘ज्या धाडसी वैमानिकाच्या स्मरणार्थ हा सोहळा’ वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘चला. जिवंतपणी सुपरवायझर केलं नाही, मेल्यावर एकदम पायलट. तुझ्या दाजींना बढती तू दिलीस हो.’’ त्यानंतर ती समारंभाला आली नाही. रविवारचे जेवण चालू राहिले. त्या विषयावर आम्ही बोलत नसू.

दरम्यान दाजींचे भाकीत खरे ठरले. काम परत आले. अंबडच्या, सातपूरच्या लहान कारखान्यांकडे सांगाड्याच्या भागांची मागणी येऊ लागली आणि रिव्हेट मारणारे हात इथे नव्हते. बाहेरच्या राज्यांतून माणसे आणावी लागली. ती कामात उत्तम होती, त्यांनी दोन-तीन वर्षे काम केले आणि बरे वेतन मिळाले तिकडे निघून गेली. एका समारंभात चहा पिताना अध्यक्ष मला म्हणाले, ‘‘भाडेकरू रडतोय, सर. ऑर्डर आहे, माणूस नाही. आपल्या नाशिकच्या पोरांना हे काम नकोच असतं.’’ मी साखर ढवळत राहिलो. निधीतून आधी मदत मिळालेल्यांपैकी दोघे तेव्हा परदेशात विमाने चालवत होते. नाशिकच्या विमान-उद्योगाच्या भवितव्यासाठी, असे निधीच्या पत्रकावर छापलेले असे, आणि तेही मी तपासलेले असे.

काही वर्षांनी दाजींच्या भावकीतल्या एका लग्नासाठी मी सटाण्याला गेलो. मुलगी तिथेच राहते असे माहीत होते. मी तिच्या घरी गेलो. अंगणात कांद्याची प्रतवारी चालली होती. ती चार बायकांना काम वाटून देत होती. मला पाहून तिने पदराला हात पुसले. ‘‘या सर. बसा. खुर्ची आणते.’’

चहा झाला. तिने ताईची चौकशी केली, जोडीदारांची केली. ते अजून तिला दिवाळीला फोन करतात, असे कळले. मला करत नाहीत. मग ती म्हणाली, ‘‘एक विचारू का? रागावू नका.’’

‘‘विचार.’’

‘‘त्या दिवशी मी बाकावर होते. दार नीट लागत नव्हतं त्यांचं. तुम्ही म्हणालात, दोन्ही अर्थ होतात.’’

‘‘हो.’’

‘‘मग दोन्ही अर्थ होत होते, तर दोघांना का नाही दिलं?’’

तीन-चार वर्षांचे व्याज साठलेले होते. दोघांना पुरले असते. माझ्या आयुष्यभराच्या व्याकरणात हा प्रश्न कधी आला नव्हता. शब्दाचे दोन अर्थ असतील, तर एक बरोबर आणि एक चूक ठरवायचा, एवढेच मी वर्गात शिकवत आलो. दोन्ही बरोबर असल्यावर दोघांनाही आत घेता येते, हे एका पत्राकाम शिकलेल्या मुलीला बाकावर बसल्या बसल्या सुचले. टेबलाभोवतीच्या आम्हा शिकलेल्यांपैकी कोणाला सुचले नाही, किंवा ज्यांना सुचले त्यांनी ते बोलून दाखवले नाही.

‘‘मला सुचलं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘सुचलं असतं तर बोलला असता?’’

मी रिकामी कपबशी खाली ठेवली. ती उठली. ‘‘बसा सर, आलेच. या बायका मोठा माल लहानात टाकताहेत.’’ अंगणात जाऊन तिने एका टोपलीतले चार कांदे उचलून दुसरीत टाकले. हाताने, वजन न करता. ती परत येईपर्यंत मी थांबलो नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. बरीच वर्षे मी स्वतःला सांगत आलो की दोष त्या शब्दाचा होता. ते उत्तर सोयीचे आहे, कारण शब्दाची चूक अज्ञानात बसते आणि अज्ञान क्षम्य असते. पण माझी कागदपत्रे तसे सांगत नाहीत. तिसऱ्या कलमातला शब्द सदोष होता, तरी त्याने कोणाला अडवले नव्हते. तो दोघांना पुरेल इतका मोठा होता. अडवले ते माणसांनी, आणि त्यांना ते करू देणारे वाक्य मी उच्चारले, नंतर ते वळणदार अक्षरात ‘एकमताने’ लिहून ठेवले. अध्यक्षांना परिचिताचा मुलगा हवा होता, वकिलांना वाद नको होता, आणि मला माझी चूक कबूल करायची नव्हती. तिघांची गरज एका शब्दाने भागली. म्हणून दाजींच्या नावाच्या निधीतून दाजींचे काम शिकायला आजवर कोणी गेले नाही. माझे उत्तर असे आहे.

मी स्वतःबद्दल लिहीत असल्यामुळे हे उत्तर एका बाजूला झुकलेले असू शकते. सार्वजनिक न्यासांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात रीतसर अर्ज केल्यास न्यासपत्राची प्रत मिळते. इतिवृत्ताची वही अजून माझ्याकडे आहे; कोणाही वाचकाला ती घरी येऊन पाहता येईल. कलम एका ओळीचे आहे आणि पहिल्या निवडीची नोंद दीड पानाची. कृपया दोन्ही वाचा आणि मी काढलेला निष्कर्ष बरोबर आहे का, हे स्वतः तपासून पाहा.